पीटीचा ड्रेस मळू द्या : सोलापुरातल्या शाळाचालकांना एका पालकाचं खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहरातल्या सर्व शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक यांस,

सादर नमस्कार.

परवा २६ जानेवारीला सकाळी माझ्या धाकटीच्या शाळेत झेंडावंदनाला गेले होते. मैदान सुरेख सजवलं होतं. फक्कीच्या ताज्या रेषा, दोरीला पताका आणि चारही हाउसची पोरं पांढऱ्याशुभ्र पीटी ड्रेसमध्ये रांगेत उभी. भाषणं लांबली. पाचवीतला एक मुलगा उभा राहून दमला आणि खाली टेकायला गेला, तर मागून बाई धावत आल्या. "ऊठ, ऊठ, पॅन्ट मळेल." पोरगं निमूट उठलं. बाईंना मी दोष देत नाही, त्यांना वरून तसं सांगितलेलं असणार. कार्यक्रम झाला, जिलेबी वाटली, फोटो काढले आणि साडेनऊला शिपाईमामांनी गेटला कुलूप घातलं. मी गाडी काढून निघाले तेव्हा तीच मुलं, तोच पांढरा ड्रेस अंगात, गेटबाहेरच्या रस्त्यावर विटांचे स्टंप मांडून क्रिकेट खेळत होती. रिक्षा आली की खेळ थांबायचा, गेली की पुन्हा सुरू. आत एवढं मोठं मैदान रिकामं पडलं होतं.

हे पत्र लिहायचं तेव्हाच ठरवलं.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. अठरा वर्षं झाली. सोलापूरचा युनिफॉर्म कुठे कुठे जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. आता जानेवारीत आमचा सीझन सुरू झालाय, तो जूनमध्ये शाळा भरेपर्यंत श्वास घेऊ देणार नाही. सध्या माझ्या मशीनवर पीटीच्या पॅन्टी आहेत. पांढऱ्या, कमरेला इलॅस्टिक, दोन्ही बाजूंना हाउसच्या रंगाची पट्टी. दिवसाला किती पीस पडतात त्यावर आमचा हिशोब असतो, म्हणून हात थांबत नाहीत, पण कान मोकळे असतात. मशीनच्या कडेला मोबाइल टेकवून मी सामने ऐकते, रात्री घरी बातम्या वाचते. क्रिकेट, कबड्डी, खो-खो, कुस्ती, बुद्धिबळ, काही वर्ज्य नाही. शेजारच्या मशीनवरची अक्का मला "चालता-बोलता पेपर" म्हणते. तेव्हा गेल्या वर्षभरात खेळांच्या जगात जे झालं ते डोळ्यांसमोर ठेवून आणि हातातल्या कापडावर नजर ठेवून मी हे लिहितेय.

पहिली आठवण ३० ऑक्टोबर २०२५ ची. महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी, नवी मुंबईत, समोर ऑस्ट्रेलिया. दिवाळीची सुट्टी संपून कारखाना नुकता सुरू झाला होता. ऑस्ट्रेलियाने ३३८ केल्या तेव्हा अक्का म्हणाली, संपलं. मी घरी जाऊन भाकरी टाकेपर्यंत जेमिमा रॉड्रिग्ज आणि हरमनप्रीत खेळपट्टीवर ठाण मांडून बसल्या होत्या. जेमिमाने नाबाद १२७ केल्या आणि भारताने पाच गडी गमावून ३४१ गाठल्या. महिलांच्या वनडेत एवढा पाठलाग आजवर कुणी यशस्वी केला नव्हता. शेवटी ती रडत होती, आमच्या घरात सगळे रडत होते. मात्र माझं लक्ष राहून राहून तिच्या जर्सीकडे जात होतं. छातीपासून खालपर्यंत चिखल लागलेला. धाव पुरी करायला तिने किती वेळा स्वतःला जमिनीवर झोकून दिलं असेल त्याचा हिशोब त्या कापडावर होता. मी आयुष्यभर कपडे शिवलेत. एवढा सुंदर मळलेला कपडा मी पाहिलेला नाही.

तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पोरींनी विश्वचषक जिंकला. शफाली वर्मा तर मूळ संघातही नव्हती. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावलं आणि तिने अंतिम सामन्यात ८७ केल्या. दीप्ती शर्माने अर्धशतक केलं आणि वर पाच बळी घेतले. आपल्या सांगलीची स्मृती मानधना सलामीला, प्रशिक्षक मुंबईचे अमोल मुझुमदार. सुट्टीनंतर कारखाना उघडताच आम्ही पेढे वाटले. माझी धाकटी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आज आम्हाला पण खेळू देतील असं वाटलं होतं. पण पीटीच्या तासाला गणित घेतलं."

ती नववीत आहे. वेळापत्रकात आठवड्याला दोन पीटीचे तास छापलेले आहेत. दिवाळीनंतर त्यांतला एक गणिताला गेला, दुसरा कधी विज्ञानाला, कधी स्नेहसंमेलनाच्या तयारीला. हे एकाच शाळेचं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. कारखान्यात आमच्या बावीस बायकांची मुलं वेगवेगळ्या शाळांत आहेत. मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड, इंग्रजी, सगळ्या माध्यमांची. जेवणाच्या सुट्टीत विचारलं तर जवळजवळ प्रत्येकीकडून हीच गोष्ट ऐकायला मिळाली. पीटी ड्रेस सक्तीचा आहे आणि पीटी ऐच्छिक झालीय.

मी मूळची पंढरपूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या शाळेला कंपाउंडच नव्हतं, त्यामुळे कुलपाचा प्रश्न नव्हता. सहावीपासून दहावीपर्यंत मी खो-खो खेळले. सूर मारायला शिकवण्याआधी सरांनी आम्हाला आठवडाभर फक्त खडे वेचायला लावले होते. ओळीत बसायचं आणि आपल्या पुढ्यातली वीतभर जमीन बोटांनी चाळायची. "इथं उद्या तुमची छाती टेकणार आहे," म्हणायचे. मग एक दिवस सूर मारला आणि हनुवटी फुटली. आईने हळद लावली, ड्रेस बघून रागावली आणि रात्री बसून गुडघ्याला आतून ठिगळ लावून दिलं. मी पहिलं जे शिवणकाम नीट पाहिलं ते हेच. खो-खोत पळणं दिसतं, पण खरं कसब बसून राहण्यात असतं. पाठमोरं बसायचं, कान मागे ठेवायचे आणि खो मिळाला की एका दमात उठायचं. खो पळभर उशिरा मिळाला की गडी निसटला. आजही कारखान्यात लाइनवर माझ्याकडून पुढच्या मशीनवर पीस सरकवताना मला तोच खो आठवतो.

म्हणून गेल्या वर्षी १९ जानेवारीला दिल्लीत पहिल्यावहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले तेव्हा मी दोन्ही संपूर्ण पाहिले. मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. पाठोपाठ मुलांनी नेपाळलाच ५४-३६, कर्णधार प्रतीक वाईकर, तोही आपलाच. त्या संघात माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप होता. आक्रमणाला सुरुवात होताच त्याने हवेतून असा सूर मारला की नेपाळच्या गड्याला वळायलाही सवड मिळाली नाही. सर, मॅडम, वेळापूर आपल्या शहरापासून काही परदेशात नाही. एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. एकदा आपल्या पीटीच्या शिक्षकांना घेऊन जा आणि तिथली पोरं संध्याकाळी काय करतात ते बघा.

त्याच माळशिरस तालुक्यातलं मिरे हे गाव. किरण नवगिरे तिथली. शेतकऱ्याची मुलगी. २०२२ मध्ये ती नागालँडकडून खेळत होती आणि अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत तिने नाबाद १६२ केल्या. तोवर भारतात स्त्री किंवा पुरुष, कुणीच टी-ट्वेंटीच्या डावात दीडशेला पोचलं नव्हतं. मग ती भारताकडून खेळली. गेल्या ऑक्टोबरमध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक केलं, महिलांच्या टी-ट्वेंटीतलं जगातलं सर्वांत वेगवान. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा, ३६ चेंडूंचा. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. किरण आधी क्रिकेटपटू नव्हतीच. ती भाला फेकायची, गोळा फेकायची, धावायची. क्रिकेटकडे नीट वळली ती पुढे कॉलेजच्या वयात. बारा वर्षांच्या पोरीला आपला खेळ कुठला हे ठाऊक नसतं. आईबापालाही नसतं. चार खेळ अंगाखाली घातल्यावरच ते कळतं, आणि त्यासाठी मैदान लागतं, कोचिंग क्लासची फी लागत नाही.

शहरातही खेळ कमी नाही हो. अर्शिन कुलकर्णी आपल्या सोलापूरचा. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्याने एका डावात १३ षटकार मारले, त्याच सामन्यात चार बळीही घेतले, पुढच्या वर्षी १९ वर्षांखालच्या विश्वचषकात शतक केलं आणि आयपीएलमध्ये लखनौच्या संघात गेला. जानेवारी २०२४ मध्ये पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र आणि मणिपूर यांचा रणजी सामना झाला, कितीतरी वर्षांनी. मी एक दिवस खाडा करून गेले होते. शाळेच्या ड्रेसमधली पोरं जाळीला नाक लावून उभी होती. सामन्याच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्टेडियमबाहेर रस्त्यावरच आपला डाव मांडला.

आता जरा वेगळं आणि माझ्या हाताखालचं. मुलींच्या पांढऱ्या पॅन्टीबद्दल.

हे मोकळेपणाने लिहायला मला वर्षानुवर्षं धीर झाला नाही. सातवी-आठवीच्या पुढच्या मुलींना पाळीच्या दिवसांत पांढरी पॅन्ट घालून पळायला सांगणं म्हणजे "घरी राहा" असं सांगणं आहे. मुली मग पीटीच्या दिवशी पोट दुखतं म्हणतात, ड्रेस धुवायला टाकलाय म्हणतात, दप्तरं राखत वर्गात बसतात. दोन-चार महिने असं झालं की मैदान सुटतं ते कायमचं. आमच्या कारखान्यातल्या बायकांना विचारलं, तुझा खेळ कधी सुटला, तर बहुतेकींचं वय तेच निघालं.

आणि हा प्रश्न फक्त सोलापूरचा नाही. विम्बल्डनसारखी १८७७ पासूनची स्पर्धा, जिथे पांढऱ्याचा आग्रह एवढा की मोज्याच्या काठावर रंग किती चालेल तेही मोजतात. तिथे २०२३ पासून महिला खेळाडूंना स्कर्टखाली गडद रंगाची चड्डी घालायची मुभा मिळाली. कारण हेच. त्याच वर्षी इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या, आयर्लंडच्या महिला रग्बी संघानेही नेव्ही ब्लू केल्या. एवढ्या मोठ्या खेळाडूंनी तोंड उघडून सांगितलं की पांढऱ्यात आमचं अर्धं लक्ष कपड्यावर राहतं. मग आमच्या दत्त नगरच्या, अक्कलकोट रोडच्या पोरींनी ते कुणाला सांगायचं?

कारखान्याच्या बाजूने सांगते, यात खर्चाचा काही फरक पडत नाही. त्याच सुपर पॉलीच्या कापडात नेव्ही ब्लू मिळतं. फर्मा, म्हणजे कापड कापायचा साचा, तोच राहतो. आसनाला डबल शिलाई मारली, पायाची मोहरी थोडी आवळली आणि एक चेनचा खिसा दिला की झालं. ऑर्डर फेब्रुवारीअखेर नक्की होतात. म्हणजे तुम्ही या पंधरा दिवसांत दुकानदाराला फोन केलात तर जूनमध्ये मुली निळ्या पॅन्टीत मैदानावर दिसतील. झेंडावंदनाला पांढरं हवं असेल तर वर पांढरा शर्ट राहू द्या.

दप्तरं राखण्यावरून आठवलं. माझ्या मुलीच्या वर्गात एका मुलीची नजर खूप अधू आहे. पीटीचा तास झालाच तर तिला झाडाखाली बसवतात, सगळ्यांच्या बाटल्या सांभाळायला. लागेल-बिगेल म्हणून, काळजीपोटीच. मी काल रात्री त्या पोरीच्या आईला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. २३ नोव्हेंबरला कोलंबोत अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने जिंकला, नेपाळला सात गड्यांनी हरवून. उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राची. चेंडूत छर्रे असतात, तो जमिनीलगत टाकतात आणि आवाजाच्या रोखाने बॅट फिरते. पूर्ण अंध, थोडं दिसणाऱ्या आणि त्याहून बरं दिसणाऱ्या अशा तिन्ही गटांतल्या मुली मिळून संघ होतो. त्या आईने व्हिडिओ तीनदा पाहिला. काही बोलली नाही. निघताना एवढंच विचारलं, "असला चेंडू कुठं मिळतो?" मी शोधतेय. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर कळवा.

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवणारा सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. सांगोल्याच्या शिवेला लागूनच तो तालुका. झाडाखाली बसवलेल्या प्रत्येक मुलाच्या शाळेत त्याचा एक फोटो लावावा असं मला फार वाटतं.

बुद्धिबळाचं बोलायचं तर नागपूरच्या दिव्या देशमुखने गेल्या जुलैत जॉर्जियात महिला विश्वचषक जिंकला, अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला हरवून. वय अवघं १९. ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नसताना ती गेली आणि ग्रँडमास्टर होऊनच आली. आमच्या पालकसभेत हे उदाहरण एका गृहस्थांनी दिलं. बुद्धिबळ घ्या, मैदान लागत नाही, आवाज नाही, कपडे मळत नाहीत. बुद्धिबळ जरूर घ्या. मैदानाच्या बदल्यात मात्र घेऊ नका. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी घाम येईल असं हललं पाहिजे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या गल्लीतली मुलं सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री मोबाइल अशी दिवसभर बसून असतात.

कुस्तीबद्दल लिहिताना मन खट्टू होतं. गेल्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत आपल्या जिल्ह्याचा महेंद्र गायकवाड होता, समोर पृथ्वीराज मोहोळ. गदा मोहोळकडे गेली. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर डावांची चर्चा कुणी केली नाही, चर्चा झाली ती पंचांशी झालेल्या वादांची. कोण बरोबर कोण चूक हे ठरवणारी मी कोण? एवढं मात्र वाटतं की पंचाचा निर्णय चुकला तरी तो पचवायचा कसा, हे अकराव्या-बाराव्या वर्षी शाळेच्या मैदानातच शिकता येतं. आमचे सर आम्हाला हरल्यावर समोरच्या संघाच्या नऊच्या नऊ मुलींशी हात मिळवायला लावायचे. डोळ्यांत पाणी असलं तरी.

पुरुषांच्या क्रिकेटवर मी जास्त शाई घालवत नाही. घरच्या मैदानावर दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी मालिका २-० गेली, गुवाहाटीत तर ४०८ धावांनी, त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. फुटबॉलचं जास्त लागतं मला. ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. त्याच्या पुढच्याच महिन्यात कुरासाओ नावाचं कॅरिबियन समुद्रातलं बेट २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाला पात्र ठरलं. लोकसंख्या साधारण दीड लाख. आपल्या सोलापूर शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेनऊ लाख आहे. त्यांचे बरेचसे खेळाडू नेदरलँड्समध्ये घडलेले आहेत हे खरं. पण म्हणजेच काय, घडवणारी जागा कुठेतरी होती.

आणखी एक तारीख लक्षात घ्या. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार हे नोव्हेंबरमध्ये नक्की झालं. २०२६ च्या ग्लासगोतल्या स्पर्धेतून खर्च वाचवायला कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन, नेमबाजी हे सगळं गाळलंय, त्यामुळे आपली पदकं घटतील. २०३० ला मात्र यजमान आपण. आज तुमच्या सातवीत असलेली मुलगी तेव्हा सतरा वर्षांची असेल. सोलापूरहून अहमदाबाद रेल्वेने एका रात्रीवर. ती तिथे प्रेक्षक म्हणून जाईल की ट्रॅकवर उतरेल, हे तुमच्या वेळापत्रकातले दोन तास ठरवतील.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. दहावीच्या निकालावरून पालक शाळा निवडतात, त्यात आम्हीही आलोच. पीटीच्या शिक्षकांना निवडणुकीच्या कामापासून पोषण आहारापर्यंत सगळीकडे पळवतात. शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा मैदानावर पाणी मारा असं मी म्हणणार नाही. मार्चपासून ऊन चाळिशी गाठतं आणि दुपारी बाराला पीटी घेतली तर मुलाला भोवळच येणार. म्हणून तो तास सकाळचा पहिला ठेवा. गेट उघडं राहिलं तर रात्री नको ती माणसं येऊन बसतात, सकाळी बाटल्या सापडतात, हेही मी ऐकलंय. म्हणून रात्रीचं नाहीच मागत. शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत, साडेपाच ते सात, आणि रविवारी सकाळी. एवढाच वेळ गेट उघडं असू द्या, आणि फक्त आपल्याच शाळेच्या मुलांसाठी असू द्या, हवं तर ओळखपत्र बघून. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान असलं पाहिजे असं लिहिलंय. ते कुलपात असलं तर चालेल असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तुमच्याच पेशातल्या एका माणसाची आठवण देते. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडत होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली, २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य मिळवलं तेव्हा. मधल्या ७२ वर्षांत किती पोरं गेटबाहेर राहिली असतील, याचा विचार मशीनवर बसल्या बसल्या मनात येतो आणि शिलाई वाकडी जाते. खर्डेकर सरांनी घर दिलं. मी तुमच्याकडे दीड तासासाठी एक किल्ली मागतेय.

माझ्या मुलीच्या शाळेपुरतं मी काम सुरू केलंय. वर्गातल्या अकरा पालकांनी आळीपाळीने गेटवर बसायचं कबूल केलंय. दोन आजोबा आहेत, एक गिरणीतून निवृत्त झालेले आणि एक पोस्टातून, ते रोज यायला तयार आहेत. सातला मैदान रिकामं करून, कचरा उचलून, किल्ली शिपाईमामांच्या हातात द्यायची जबाबदारी आमची. तसं लेखी देऊ. कुणाला लागलं-खुपलं तर शाळेला जाब विचारणार नाही, हेही लिहून देऊ. बाकी शाळांतल्या पालकांनाही माझं सांगणं आहे की नुसती तक्रार घेऊन जाऊ नका, गेटवर बसणाऱ्यांची नावं घेऊन जा.

आणि एक. नेव्ही ब्लू पॅन्टीचा नमुना मी शिवून ठेवलाय, बत्तीस साइजचा. धाकटीने ती घालून परवा रस्त्यावरच चार वेळा सूर मारून दाखवला, शिलाई कुठे उसवली नाही. ज्या शाळेला बघायची असेल त्यांच्या कार्यालयात आणून देईन. फर्मा हवा असेल तर तोही कागदावर उतरवून देईन, त्याचे पैसे नकोत. सोमवारी आमच्या कारखान्याला सुट्टी असते, त्या दिवशी कधीही बोलवा.

आपली नम्र,
जुना विडी घरकुल भागातली एक पालक